पाटीवरची शाळा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझी पोर सात वर्षांचीही नव्हती. आता ती तेहतीसची आहे. काल नगरला एका डॉक्टरपोरीने तिला तासभर पाहिलं आणि म्हणाली, "लहानपणी हिच्यावर कुणीतरी फार चांगली मेहनत घेतलीय. ती चालू राहायला हवी होती, आजी." मी कुठली आजी? लेकीचं लग्नच झालं नाही.

बांगलादेशच्या लढाईचं ते साल. तुम्ही अकोल्याहून आमच्या वाडीत बालवाडी चालवायला आलात. पोर चार वर्षांची. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, ताटात भाकरी उजवीकडे नसली की भिंतीवर डोकं आपटायची, आणि भाताचं कुठलंही बी चिमटीत धरून नाव सांगायची. लोक म्हणायचे, झपाटलीय. तुम्ही म्हणालात, "झपाटली-बिपाटली काही नाही. पुढं काय होणार ते कळलं नाही की घाबरते ती. आधी सांगा, मग करा." शाळा सुटताना तुम्ही तिच्या पाटीवर उद्याचा दिवस काढून द्यायचात. घर, ओढा, शाळा, भाकरी, घर. एकेक झालं की ती ते पुसायची. पाटीवर नसेल तिथं पाऊल टाकायची नाही. दोन वर्षांनी एकदा आपणहून बोलली, "आय, उद्या काय?" मी चुलीपाशी रडले. एरवी मला रडायला वेळ नसतो.

पण मला घाई फार. तुमच्यावर ओरडत आले, "बाई, अजून किती दिस? पाटीनं काय हुतंय?" तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भात लावल्यावर रोज रोप उपटून बघतेस का गं, मूळ धरलं का म्हणून?" ते मला झोंबलं. पलीकडच्या वाडीचा भगत अशा पोरांना डाग द्यायचा. त्या रविवारी मी तिला नेलं, पोटावर तापल्या विळ्याचा डाग देऊन आणलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेकडे फिरकली नाही. पाटी उकिरड्यात टाकली. तुम्ही महिनाभर रोज दारात येत होतात, ती भाताच्या कणगीमागे दडायची. तुम्ही विचारलंत, "डाग दिलास ते कळलं मला. पण ही मला का भिते गं? माझं काय चुकलं?" मी म्हणाले, "लहरी हाय, बाई." मग त्या पावसाळ्यात काविळीने तुम्ही गेलात.

आजही मी 'दहाची एसटी हाय' म्हटलं, की ती फाट्यावर जाऊन स्वतः बघून येते. माझ्या तोंडचं काही तिला खरं वाटत नाही.

हा कागद कुठे टाकू? कणगीतच राहील. बाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. रविवारच्या पाटीवर तुम्ही नुसतं घर काढून दिलं होतं. ते पुसून मी शाळा काढली. कौलं, दारावरची घंटा, सगळं तुमच्यासारखं. ओढ्यापर्यंत शाळेची आणि भगताकडची वाट एकच होती. ती माझ्यापुढे पळत होती.