मुखपृष्ठावरचे डोळे

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (लिहिण्यासाठी एक सोडावा लागला आहे, तो जोडलेलाच समजावा). तुमचा गुडघा कसा आहे? मामींची तब्येत कशी आहे? त्यांना लांबचं स्पष्ट दिसतं का? बाजारात जाताना त्या मासिकांच्या दुकानासमोर थांबतात का? सहज विचारलं. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे जेवण जात नाही आणि झोप लागत नाही, पण ताप नाही.

तुम्ही चारचौघांत सांगता की भाचा संगीताच्या मासिकात आहे. मलाही इथे येईपर्यंत वाटायचं की ज्यानं महिनाभरात सगळ्यांत चांगलं गायलं किंवा वाजवलं, त्याचा फोटो मुखपृष्ठावर येतो. मामा, तसं काहीही नसतं. मी अजून हादरलेलाच आहे. मुखपृष्ठाच्या टेबलावर गाण्याचा विषयच निघत नाही. दुकानदार मासिकं एकावर एक अशी लावतो की प्रत्येकाची वरची पट्टीच दिसते, म्हणून त्या पट्टीत मासिकाचं नाव आणि माणसाचे डोळे बसवायचे. गळा, ज्याच्यावर तो माणूस जगतो, तो खाली झाकला गेला तरी चालतो. पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणून मागे पिवळा. गेल्या वर्षीच्या बासरीवाल्यांची बोटं जाड दिसत होती, म्हणून त्यांना दुसऱ्या कुणाची तरी बोटं लावली (ती एका दातांच्या डॉक्टरांची आहेत. मी चौकशी केली, करायला नको होती). हे सगळं आमच्या मुख्य मांडणीकार बाई करतात. त्यांना सगळे कात्री म्हणतात, तोंडावरसुद्धा.

तर या अंकावर एक गायिकाबाई होत्या. त्या डोळे मिटून गातात. बोलतानाही मिटतात. आलेल्या सगळ्या फोटोंत डोळे बंद. कात्रीबाई म्हणाल्या, "मिटलेल्या डोळ्यांचं मुखपृष्ठ म्हणजे शटर ओढलेलं दुकान. कुठूनही उघडे डोळे आण आणि लाव." आणि त्या दवाखान्यात गेल्या (दाढ दुखत होती. त्याच डॉक्टरांकडे). छापखान्याचा माणूस दारात उभा. माझ्या संगणकावर सरळ समोर बघणाऱ्या माणसाचा एकच स्वच्छ फोटो होता. गेल्या खेपेला मी नवा कॅमेरा घेऊन तुमच्याकडे आलो आणि मामींनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बुटांसकट उभा राहून त्यांचा फोटो काढला, तो. तुम्ही तेव्हा पेपरामागे गेला होतात.

मी अत्यंत काळजीपूर्वक काम केलं. त्वचेचा रंग जुळवला, भुवया गायिकाबाईंच्याच ठेवल्या. पण नजर जुळवता येत नाही, मामा. अंक छापून आला तेव्हा मी गठ्ठ्याला नमस्कार करून बाजूला झालो.

आणि अंक संपला. पुन्हा छापला, तोही संपला. मी कोपऱ्यावरच्या मासिकवाल्याला भीत भीत विचारलं, तर तो म्हणाला, "काय लावलंय रे त्याच्यावर? गिऱ्हाईक पुढे जातं, थबकतं, आधी स्वतःच्या पायांकडे बघतं आणि मग गुपचूप पैसे काढतं." एका गृहस्थांनी म्हणे दुकानाबाहेर चपला काढल्या. गायिकाबाईंचा निरोप आला की, आपल्या चेहऱ्यात इतका दरारा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि साथीदार आता तालमीला वेळेवर येतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण संपादकसाहेबांनी डोळे कुणाचे ते विचारलं, आणि मी घाबरून सांगितलं की माझ्या ओळखीच्या एक मॉडेल आहेत (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, अक्षर सांभाळून घ्यावं). आता पुढच्या अंकावर एक व्हायोलिनवादक आहेत. त्यांना दाढी आहे. साहेबांना डोळे तेच हवेत, पण जरा डावीकडे वळलेले. मी अजून कच्च्या नोकरीवर आहे. सोमवारी नवे फोटो टेबलावर आले तर पक्का, नाहीतर खुर्ची रिकामी करायची.

बाकी सर्व क्षेम. तुमच्याकडून काहीही नको, फक्त आशीर्वाद असावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. आशीर्वादाबरोबर आणखी एक. रविवारी मी आमच्या फोटोग्राफरला घेऊन येतो आहे. मामींनी फरशी पुसली की तुम्ही खिडकीतून खूण करावी, दार उघडावं आणि डावीकडे उभं राहावं. आम्ही बुटांसकट आत येऊ. पण नुसत्या बुटांवर भागेल असं नाही, तेव्हा शनिवारपासूनच त्यांना थोडं चिडवून ठेवावं. तुम्हाला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, असं आई म्हणते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. वरचं सगळं रद्द समजावं. आत्ताच ऑफिसात मामींचा फोन आला. त्यांनी दुकानात अंक पाहिला. ओळखलं कसं, तर म्हणाल्या, "ही बाई माझ्याकडे अशी बघतेय, जशी मी तुझ्या मामांकडे बघते." फोन आधी साहेबांनीच घेतला होता, मग मला दिला. आवाज ऐकूनच ते बसल्या जागेवरून उठून उभे राहिले, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ बसले नाहीत. मामी सोमवारी स्वतः इथे येणार आहेत. आमची फरशी आतापासूनच धुतली जाते आहे. माझ्या नोकरीचं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "तुझं काय करायचं ते आता त्याच सांगतील."

म्हणून मामा, विनंती एवढीच की सोमवारपर्यंत त्यांना खूश ठेवावं. कसं, ते मी सांगू शकत नाही. मला वाटतं, तुम्ही चार दिवस आईकडे राहायला जावं.