भिकुबाईच्या हातचं औक्षण

प्रिय अभिमन,

जळगावला सुखरूप पोचलो, एवढं सांगायला फोन पुरला असता. पण फोनवर तू थोरल्या भावाला बोलू देत नाहीस, कार्यक्रम कसा झाला विचारून स्वतःच स्वतःचं कौतुक सुरू करतोस. म्हणून लिहितो आहे. निमूट वाच.

चोपड्यात तू माझा सत्कार केलास की वरात काढलीस रे? गल्लीच्या तोंडाशी केळीचे खांब, ट्रॅक्टरवर मी आणि बॅनरवर 'कर्नल प्रेमराज'! गाढवा, चौतीस वर्षं नौदलात काढली मी. नौदलात कर्नल नसतो. बरं, तेही गिळलं. भरिताच्या पंगतीपर्यंत सगळंच गिळलं असतं.

पण भिकुबाईला औक्षणाला उभं करायचं तुला सुचलंच कसं? विधवेच्या हाती ताट दिलं म्हणून टाळ्या घेतल्यास. तिचा मुलगा धनसिंग माझ्या पथकात होता, अतिरेक्यांनी पळवलेल्या जहाजावर चढताना गेला, हे ठाऊक असून! आणि ती माझ्यासमोर ताट धरून उभी असताना तू माइकवर म्हणालास, धनसिंगने भाऊंच्या हुकमाची वाट पाहिली असती तर आज तोही इथे असता. लाज नाही वाटली? ताट कललं, निरांजन विझलं. तिने ते पुन्हा पेटवलं, मला ओवाळलं आणि हळूच म्हणाली, "जठे तू शे, तठेच मना धनसिंग शे." जिथे मी, तिथेच म्हणे तिचा धनसिंग. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, साहेब किती नम्र. डोंबलाची नम्रता!

इथे आल्यावर तुझ्यावर चरफडत मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला पाय अडले. तुला ही गोष्ट सांगितली कोणी? मीच. अकरा वर्षांपूर्वी, अहवालात लिहिली तशीच. धनसिंग उतावळा नव्हता रे. डेकवर माणूस दिसतोय, पाच मिनिटं थांबू द्या, असं तो वायरलेसवर विनवत होता. मी म्हणालो, चढ. तो चढला. पुढे मला बढती मिळाली, दहशतवादविरोधी मोहिमांची सूत्रं मिळाली, आणि तो मात्र गावात आगाऊ ठरला. स्वतःच्या आईसमोरसुद्धा.

नौदलाला काल खरं काय ते लेखी कळवलं. रविवारी चोपड्याला येतोय. तीच माणसं जमव, तोच माइक लाव. खुर्ची एकच ठेव, भिकुबाईसाठी. हार आणलास तर तुझ्याच गळ्यात घालीन. आणि अभिमन, तिच्यासमोर माझी जीभ अडखळली, तर मला खाली बसू देऊ नकोस.

तुझाच,
प्रेमराजभाऊ