धर्म : निरंक

२४ जून, मंगळवार

जे झालं ते क्रमाने.

१. एप्रिलमध्ये रेवाच्या पहिलीच्या प्रवेश अर्जात 'धर्म' या रकान्यापुढे मी 'निरंक' लिहिलं. कारखान्यात दोषांच्या तक्त्यात रोज लिहिते, तसंच.
२. शाळेच्या लिपिकाने ते धर्माचं नाव समजून जनरल रजिस्टरला चढवलं.
३. आज बाईंनी माहिती पडताळणीसाठी वर्गात रजिस्टर मोठ्याने वाचलं. नाव, जन्मतारीख, धर्म.
४. 'निरंक' ऐकल्यावर रेवा उभी राहून 'हजर' म्हणाली.
५. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी : "मम्मी, आपण निरंक आहोत हे मला सांगितलं का नाहीस? वर्गात मी एकटीच आहे."
६. नील (वय तीन) तेव्हापासून घरभर 'निलंक, निलंक' करत फिरतोय.
७. सागर (माझा नवरा) हसला. मी नाही.

२५ जून, बुधवार

हाफ डे टाकून शाळेत. लिपिक रजिस्टरवर कोपर ठेवून बसलेले.
"मॅडम, मला वाटलं तुमच्यात असेल असं काही. आजकाल किती निघालेत."
"निरंक म्हणजे काही नाही. तुम्ही स्वतः दिवसातून दहा वेळा लिहीत असाल."
"ते रजेच्या रकान्यात. धर्माच्या रकान्यात कोण लिहितं?"

याला उत्तर होतं, पण त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. ऑनलाइन नोंद ३१ जुलैपर्यंत करायची आहे. यादीतला एक धर्म निवडून पालकाने लेखी द्यायचं, मग लाल शाईने दुरुस्ती. कोरं चालत नाही. "नाहीतर हिंदू टाकून देऊ? सगळ्यांचं तेच करतो." हे त्यांनी साखर किती टाकू, या सुरात विचारलं.

सागर : "टाक ना हिंदू. आहोतच."
"तू आहेस?"
"मी काय, चतुर्थी धरतो की."
धरतो. साबुदाणा वड्यासाठी.

महिना आहे हातात. नीट शोधायचं ठरवलंय.

२९ जून, रविवार

का शोधायचं, ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते. जानेवारीत अप्पा, म्हणजे माझे वडील, वारले. अकोले तालुक्यातल्या घरी रेवा दोन दिवस त्यांना शोधत होती. भाताच्या कणगीमागे, गोठ्यात, पलंगाखाली. मी सांगितलं, ते कुठेच नाहीत, शोधू नकोस. खरं तेच सांगितलं. त्यानंतर मार्चपर्यंत ती न्हाणीघरात एकटी गेली नाही.

खऱ्यावर मुलांचं भागत नाही असं दिसतं. लोक धर्म वापरतात. तर असा धर्म हवा, ज्यात मला खोटं बोलावं लागणार नाही. अटी :
(अ) भीती घालू नये.
(आ) मेलेल्यांबद्दल थापा नकोत.
(इ) बाई-पुरुष एकाच मापाने.
(ई) 'आमचं चुकू शकतं' असं कुठेतरी लेखी असावं.

सागर यादी वाचून : "अशा अटींवर नोकरीसुद्धा मिळत नाही."

आज सोसायटीतल्या वहिनींबरोबर सावेडीत सत्संग. पडद्यावर गुरुजी, तेही रेकॉर्ड केलेले. बायका त्या रेकॉर्डिंगला हात जोडून प्रश्न विचारत होत्या. मी स्वयंसेवक ताईंना एक विचारला. "शंका घरी ठेवून यायचं असतं, ताई." चपला बाहेर, शंका बाहेर. चपलांना निदान टोकन होतं.

(ई) नापास. बाकीच्या अटी तपासल्या नाहीत.

५ जुलै, शनिवार

विवेकवाद्यांची बैठक. इथे तरी, असं मनात होतं. नऊ पुरुष, मी आणि सोबत नेलेली रेवा. विषय 'स्त्री आणि अंधश्रद्धा'. पाच जण बोलले, पाचही स्त्रीबद्दल. चहाचा थर्मास आल्यावर अध्यक्ष माझ्याकडे बघून : "वहिनी, तेवढे कप भरता का?"
भरले नाहीत. चहा गार झाला. नऊ विवेकवाद्यांना थर्मासची तोटी उघडता येत नव्हती.

परत येताना स्कूटीवर रेवा : "ते काका कोणावर चिडले होते?"
"देवावर."
"पण देव नाही म्हणाले ना?"
"नाही म्हणाले."
"मग?"

(इ) नापास.

८ जुलै, मंगळवार

डबा खाताना शबानाला विचारलं. आम्ही दोघी कारखान्यात एकाच खोलीत गेज, म्हणजे मोजमापाची साधनं, तपासतो, सहा वर्षं. वीस अंश तापमान, दार बंद. तिच्याइतकं अचूक वाचन अख्ख्या एमआयडीसीत कोणी घेत नसेल. ती पाच वेळा नमाज पढते आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलत नाही. म्हणून विचारलं, तुमच्यात मुलांना मरणाबद्दल काय सांगतात.

ती हसत सुटली. "बाई, तू काय साड्या बघायला निघालीस का? ही दाखवा, ती दाखवा. आमच्याकडे ट्रायल नसते गं."
"मी गंभीरपणे विचारतेय."
"तेच तर. तुला धर्म नकोय, तपासणी अहवाल पाहिजे. घे, लोणचं घे."

राग आला. लोणचं घेतलं.

१३ जुलै, रविवार

स्टोअरमधल्या सरोज मॅडम चर्चला घेऊन गेल्या. स्वच्छ हॉल, पेटी सुरात. बायका पुढच्या बाकांवर, बिनधास्त. कोणी काही विकलं नाही. मी वहीत (इ) पुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले होते.

मग मुलांचा वर्ग. रेवाने शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, स्वर्गात आमचे अप्पा आहेत का. ती असेल वीस वर्षांची. तिने फार गोड आवाजात विचारलं, "बाळा, त्यांनी प्रभूला स्वीकारलं होतं का?"
रेवा : "ते कोणाकडून काही घ्यायचे नाहीत."

सरोज मॅडमचा चेहरा पडला. त्या चांगल्या आहेत. त्या मुलीचाही काही दोष नाही, पुस्तकात होतं तेच तिने विचारलं. म्हणूनच नापास.

१६ जुलै, बुधवार

सासूबाई शेवगावहून आल्या. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी सुरुवात.
"आगं, लेकराच्या नावाम्होरं ह्ये काय लिवलंस? समदे इचारत्यात, तुमची नात कंच्या धर्माची हाय. म्या काय सांगू?"
"काही नाही म्हणून सांगा."
"काही न्हाई? आमी काय मेलो व्हय?"

त्यांचा देव कोंबडं मागतो, बाईला चार दिवस ओट्याशी येऊ देत नाही आणि सागरच्या दहावीच्या निकालाचं श्रेय अजून घेतो. हे मी बोलले नाही. त्या म्हणाल्या, "तुज्या तोंडावर समदं दिसतं मला."

दुपारी भाजी निवडताना : "तुजा इस्वास न्हाई, नको ठिवू. पन लेकराला रुसायला तरी कुनी पायजे का न्हाई? मानूस गेल्यावर भांडावं कुनासंगं? तुज्यासंगं?"

वाक्य लिहून ठेवतेय. पटलेलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

रेवाच्या वहीत शेवटच्या पानावर 'निरंक' असा मथळा. काय हे, विचारलं. वर्गातली मुलं विचारतात, निरंक लोक काय करतात. मग सांगावं लागतं. तिने सांगितलेलं जसंच्या तसं :

निरंक लोक डबा उघडला की आधी शेजारच्याला विचारतात, तुला काय दिलंय.
निरंकांना देव नसतो, पण डब्याला झाकण नीट लावायचं असतं.
निरंक माणूस मेला की कुठे जात नाही. म्हणून शोधायचं नाही. रडायचं.

दोन मुलं 'झालीत'. शेजारी बसणारा सार्थक आणि पुढच्या बाकावरची आलिया. सार्थकला झाकण नीट लागत नाही म्हणून तो अजून अर्धाच आहे.

'शोधायचं नाही' हे माझं. 'रडायचं' हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्यासमोर केलंही नाही.

माझ्या चार अटी लावून पाहिल्या. तीन सरळ पास. (ई) बद्दल विचारलं : "निरंकांचं चुकतं का?" म्हणाली, "हो. मग खोडरबर." खोडरबर लेखी नाही, पण चालेल.

सहा वर्षांच्या मुलीने डब्याच्या सुट्टीत जे केलं, ते करायला मी रविवार घालवत होते.

२२ जुलै, मंगळवार

शाळेतून फोन, ताबडतोब या. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन बाप. शेजारी शेजारी खुर्च्यांत.

सार्थकचे वडील : "आमचा मुलगा आरतीला उभा राहीना. म्हणतो मी निरंक झालो. कोण शिकवतं हे?"
आलियाचे वडील : "आमच्याकडंपन तेच, मॅडम. बिस्मिल्ला म्हण म्हटलं, तर झाकण दाखवती."
"बरोबर बोलले भाऊ."
"लहान लेकरांना असं फिरवनं बरं न्हाई."

दोघांचं इतकं एकमत मी या शहरात पहिल्यांदा पाहिलं. रेवाने घडवून आणलं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुख्याध्यापक आवाज खाली आणून : "वातावरण नाजूक आहे, मॅडम. धर्मांतर हा शब्द कोणी वापरला तर... या पंथाचे संस्थापक कोण आहेत?"
"तुमचे लिपिक."

लिपिक पंख्याकडे बघत होते. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. हसणं हेच योग्य उत्तर होतं आणि चार मोठ्या पुरुषांना ते सुचलं नाही.

मागणी : आम्ही हिंदू आहोत, निरंक ही आमची चूक, असं लिहून द्या. दिलं नाही.

२३ जुलै, बुधवार

बाईंनी आज वर्गात सांगितलं, निरंक असा धर्म नसतो. रेवाने गंमत म्हणून खोटं सांगितलं होतं. टाळी वाजवून विषय बंद केला म्हणे.

रेवा डबा तसाच परत घेऊन आली. आतलं काही खाल्लेलं नाही. झाकण नीट.
"मी खोटं बोलले?"
"नाही."
"बाई म्हणाल्या निरंक खोटंय."
"बाईंना माहीत नाही."
तिने झाकण उघडून पुन्हा लावलं. मग : "निरंक खोटं असेल तर अप्पांचंपण खोटं. म्हणजे ते कुठेतरी असतील. आपण नीट शोधलंच नाही."

२५ जुलै, शुक्रवार

काल आणि आज रेवाने मला माझ्या आईला अकोल्याला फोन लावायला लावला. आजी, माळ्यावर बघितलं का? विहिरीपाशी? आई पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा 'बघते हां' म्हणाली. 'बघते' म्हणायला नको होतं. पण मी तिच्या जागी काय म्हणाले असते, ते सुचलं नाही.

सासूबाईंनी रेवाला शेजारी बसवून घेतलं. "तुजा आजा देवाघरी हाय."
"पत्ता?"
सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला होतो.

२८ जुलै, सोमवार

मुख्याध्यापकांनी फोन करून आभार मानले. कशाबद्दल? सागरने शनिवारी पत्र दिलंय. मी जाऊन वाचलं. 'पत्नीकडून अनवधानाने चुकीची नोंद झाली. आम्ही हिंदू असून मुलीने वर्गात सांगितलेल्या गोष्टी काल्पनिक आहेत. वडिलांची सही.' लाल शाई अजून लावायची आहे. लिपिकांनी पेन उघडून दाखवलं.

सागर दुसऱ्या शिफ्टला निघत होता. दारातच :
"तू मला विचारलं नाहीस."
"विचारलं असतं तर तू अटी दिल्या असत्या." मग बूट घालता घालता, खाली बघून : "ते दोघं उद्या चार माणसं घेऊन आले तर? रेवाला रोज सोडायला मी जातो. तुझी खोली वीस अंशावर असते. बाहेर नसते."

हे त्याचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून लिहून ठेवलं. पत्रातला 'काल्पनिक' हा शब्द त्याने बदलावा, याला त्याचं बरोबर असणं आड येत नाही.

२९ जुलै, मंगळवार

आमच्या शिफ्ट उलट्या, या आठवड्यात समोरासमोर पाच मिनिटंही मिळत नाहीत. फ्रीजच्या दारावर लावलेल्या चिठ्ठीची नक्कल :

सागर,
१. मला धर्म सापडलेला नाही. माझ्या अटींत बसणारा एकच होता आणि तो शाळेने बंद केला.
२. रकान्यात हिंदू लिहायला मी हरकत घेणार नाही. तुझी भीती खरी आहे. तू आणि तुझी आई हिंदू आहात, तेवढ्यावर ते खोटं ठरत नाही.
३. पण त्यासाठी रेवाला खोटी ठरवायचं नाही. 'मुलीने सांगितलेल्या गोष्टी काल्पनिक' ही ओळ काढून नवीन पत्र दे. चूक लिपिकाने शब्द वाचण्यात केली, तेवढंच लिही.
४. ती अप्पांना पुन्हा शोधायला लागली आहे, हे तुला माहीत नसेल. तू घरी असतोस तेव्हा ती विचारत नाही.
५. ती खोटं बोलली नव्हती, हे तिला माझं सांगून झालं. तिला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे. तसं ती म्हणालेली नाही. शाळेत पत्रावर केलेली तुझी सही तिने शेजारी उभं राहून पाहिली आहे.

शाळेची मुदत गुरुवारी संपते. तीन (नवीन पत्र) आणि पाच (रेवाला स्वतः सांगणं), दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही असं याच कागदावर लिही. बुधवार, ३० जुलै, संध्याकाळी सहापर्यंत.