जिभंखालची गोळी

४ ऑक्टोबर
दवाखान्यातनं घरी. डावा डोळा गेला. आशा न्हाय. महिनाभर कपाळ ठणकत होतं, मी पित्त समजून आमसूल चोखत बसलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणाला सूज आलीया, तिनं डोळ्याची नस दाबली. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच अंगावर उलटली. घरभेदी! उजवा वाचवायचा तर रोज गोळ्या, एक दिवस चुकवायच्या न्हाईत.

गोळ्या स्टेरॉईडच्या. पैलवान चोरून घेत्यात ते वेगळं, हे वेगळं, असं दोनदा सांगितलं त्यांनी. मला पटलं की. पण तालमीला कोण पटवणार? तिथं वस्ताद मी. कपाळाला माती लावून असल्या औषधाला शिवणार न्हाय अशी शपथ मीच घालतो. दिग्याकडं सुई घावली तवा सगळ्यांदेखत हाकलला. पोटच्या पोरासारखा होता.

७ ऑक्टो.
बायको दुधाबरोबर गोळी देते आणि समोरच उभी राहते. जिभंखाली धरली, मोरीत थुकली. कालपण. डोकं दुखत न्हाय. मग कशाला पायजे?

१५ ऑक्टो.
दुखायला लागलं. आखाड्याच्या कडेला बसून ओरडलो, "महाद्या, दाबून धर, सोडू नको!" जवळ जाऊन बघितलं तर महाद्या खाली होता. कुणी हसलं न्हाय, त्याचंच वाईट वाटलं.

घरी आलो तर बायकोला मोरीच्या जाळीत अर्धी विरघळलेली गोळी घावलेली. वाटलं, आता भांडी आपटणार. "अवो, माती कपाळाला लावायची. डोळ्यात कशाला घालून घेतलीसा?" एवढंच म्हणाली आणि रडाय लागली. लाज वाटली. भीतीपण.

१८ ऑक्टो.
परत दवाखाना. उजव्यावर धुकं. जाड पेनानं लिहितोय, तरी ओळ कुठं जाते कळंना. डॉक्टर तापले. तापणारच. सलाईनमधनं तेच औषध लावलंय. डोळा येईल का विचारलं.
"बघू."

२१ ऑक्टो.
सलाईन थांबलं, आजपासनं परत गोळी. सकाळी कुणीतरी पायाशी येऊन बसलं. पायावर डोकं टेकलं. हात फिरवला तर मोडका कान लागला. पैलवानाचाच.
"दिग्या?"
"व्हय वस्ताद. काकूंनी फोन केलता."
बोलायचं लई होतं. नुसता हात पुढं केला. त्यानं तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या धरला. गिळली.
"जीभ उचला."
उचलली. वाकून नीट बघितलं बेट्यानं.

खिडकीकडं उजेड हाय, तेवढं कळतंय; हे अंदाजानंच लिहितोय. उद्या डॉक्टर बोटं दाखवून विचारणार, किती म्हणून. दिग्याला म्हटलं, थांब तवर.