शेवाळाची भाकरी

९ मार्च ८६
वर्सोव्याला ओहोटी साधली. कॉलेजचे सर, मी नि दोन पोती तपकिरी समुद्री शेवाळ. परतताना बसमध्ये शेजारची बाई उठून लांब जाऊन उभी राहिली, इतका वास. भांडुपला आमच्या चाळीच्या गॅलरीत वाळत घातलं तर आई पदर नाकाला लावून आत. बाबा मात्र हातात घेऊन बघत बसले. "गावाक ह्या माडाच्या मुळात घालतंत गो. तुझ्या कॉलेजात ह्याचा काय करतंत?"
सांगितलं, यातला चिकट भाग पोटात फुगतो, साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेह केलेल्या उंदरांत तरी तसं दिसतंय.
"मगे माका घाल. माका काय कमी साखर आसा?"
आई हसली. माझ्या डोक्यात मात्र बसलं.

१४ मार्च
धुतलं, वाळवलं, कुटलं, वस्त्रगाळ केलं. नाचणीच्या पिठात मूठभर. भाकरी काळीकुट्ट नि खारट. बाबांनी सगळी संपवली, वर आणखी अर्धी मागितली. सरांनी बजावलंय, उंदरांचं उंदरांपाशी ठेव. त्यांना बोलले नाही.

१५ मार्च
कॉलेजातून बेनेडिक्टचं द्रावण आणलं. आई ओट्याजवळ स्पिरिटचा दिवा लावू देईना, "देवासमोर मूत उकळतलंस?" म्हणून गॅलरीतच मांडामांड. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट विटकरी.
बाबांचं नारिंगी. सगळा मजला जमला होता बघायला. माझं तोंड उतरलं असणार. बाबा खाली मान घालून चपला शोधत राहिले, चपला पायातच होत्या.

२४ मार्च
हिरवं!!
बाबा रोज सकाळी बाटली मोरीच्या खिडकीत ठेवतात, मी उकळते. आठवडाभर नारिंगी, नि आज एकदम हिरवं. शेजारचे कांबळेकाका, पोस्टातले, त्यांनाही डायबेटिस, टाळी वाजवून म्हणाले, "डॉक्टरीण झालीस की गं तू!" नाही म्हणायला हवं होतं. गोड वाटलं.

११ एप्रिल
काल पाडवा. बाबा श्रीखंड नको नको म्हणत होते. मीच वाटी भरून पुढे केली, "शेवाळ आहे ना पोटात." आज सकाळी निळंशार! श्रीखंड खाऊनही! बाबांना म्हटलं, डायबेटिसची गोळी अर्धी करून बघू या. लगेच हो म्हणाले. कां. काकाही पीठ घेऊन गेले. त्यांनीही गोळी अर्धी केलीय.
सरांना शेवटी सांगितलं, घरी एकावर करून बघतेय.
"डॉक्टरांना विचारलंस ना?"
"हो सर."
तोंडातून गेलं. उद्या विचारू डॉक्टरांना.

१२ एप्रिल
नाही विचारलं.

२२ एप्रिल
वाट लागली. आई दहिसरला मावशीकडे गेलीय, मावसबहिणीचं बाळंतपण. आज बाबांचं विटकरी. वाटलं द्रावण बिघडलं. नवीन केलं. पुन्हा विटकरी. कां. काका बाजूलाच उभे. माझा तोल गेला. "बाबा, काय खाल्लंत? खरं सांगा."
बाबांनी गॅलरीचा कठडा धरला. मग, "जिलबी. नाक्यार."
"लाज नाही वाटत? मी इथे मरमर मरतेय तुमच्यासाठी!"
सगळ्या गॅलरीला ऐकू गेलं. आजवर बाबांशी अशी कधी बोलले नव्हते. बाबा आत गेले, जरा लंगडत. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या कारखान्यात वॉचमन झाले, तिथले बूट चावतात म्हणे.

३० एप्रिल
आई काल आली. आज निळं. बाबांना म्हटलं, बघा, तोंडावर ताबा ठेवला की कसं होतं! "होय गो," म्हणाले.

४ मे
कसं लिहू.
आई धुणं भिजवत होती, बाबांचा मोजा पाण्यात उलगडेना. ओला, घट्ट चिकटलेला, वास मारणारा. तिने त्यांचा पाय ओढूनच बघितला. अंगठा काळा. किती दिवस बूट घालून झाकत होते, देव जाणे. मी ओरडायला तोंड उघडलं, "निळं येतंय तरी असं कसं?" तशी आईने मोजा बादलीत टाकला.
"त्या बाटलीत माझा होता."
पहिल्यापासून. हिरवं आलं त्या दिवसापासून. त्यांचं नारिंगीच येत राहिलं, माझं तोंड रोज उतरलेलं, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं. आधी थोडं आईचं मिसळलं, मग सगळंच आईचं. "चेडू नापास जायत म्हणान गो." त्यांना वाटलं ही माझी कॉलेजची परीक्षा. निळं आलं की पास.
आणि जिलबी?
"जिलबी खयची? मी दहिसराक. ते कोणाचा आणतले?"
हसावं की काय करावं. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. सगळ्या मजल्यासमोर त्यांना चोर केलं मी. आणि त्यांनी मान्य केलं.
श्रीखंड खाऊन निळं, हे उंदराच्या बाबतीत मी एक क्षण खरं मानलं नसतं.

५ मे
बाबांना ॲडमिट केलं. तरुण डॉक्टर होता. केस पेपर लिहिताना म्हणाला, गोळी कमी कोणी केली? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच इसरतंय. वयान."
मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. गप्प राहिले. हे लिहितानासुद्धा स्वतःची किळस येतेय.

७ मे
कां. काकांकडे गेले. ताटात तीच काळी भाकरी. दारातच सगळं सांगितलं, पुरी गोळी सुरू करा, आजच डॉक्टरांकडे जा. "अगं पण माझं हिरवं आलंय ना? माझं तर माझंच होतं!" खरंय. त्यांचं त्यांचंच होतं. पण त्यांनी भातही सोडलाय, संध्याकाळी चालतातही. कशाने हिरवं आलं मला माहीत नाही. माहीत नाही असं पहिल्यांदा म्हटलं त्यांना. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "बस, चहा घे."
सरांनाही सांगितलं, डॉक्टरांबद्दल खोटं बोलले तेही. "उंदरांना आपल्याला खूश करायचं नसतं," एवढंच म्हणाले. उद्या ये म्हणाले नाहीत, येऊ नकोस असंही नाही.

९ मे
सकाळी त्या डॉक्टरला गाठून सांगितलं, गोळी मी कमी केली, बाबा विसरत नाहीत. त्याने वर न बघता लिहून घेतलं. उद्या अंगठा काढणार. पाय राहील का, ते त्यानंतर.
संध्याकाळी बाबा माझ्यावर चिडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "कित्याक सांगितलंस तेका? माझ्यार घेतलंलंय ना मी?"
म्हटलं, बाबा, ते माझं होतं.
पाय धरायला वाकले तर दुखरा पाय, धरायचा कुठे? चादर नीट करत बसले. आई डबा घासायला नळावर गेली तसं त्यांनी खुणेने जवळ बोलावलं.
"ती काळी भाकरी घेवन ये गो माझ्यासाठी. ह्या खेपेक माझाच देतंय."
आई घासलेला डबा घेऊन आली. दोघी घरी निघालो.
शेवाळाचं पीठ फळीवर तसंच आहे. आई विचारतेय, ठेवायचं की टाकायचं.