ड्रमवाल्याचा इअरफोन

११ मार्च १९८४, रविवार. पौड.
आज कासारसाईचं लग्न वाजवलं. सीझनचं पहिलंच. नवीन ड्रेस मिळाला. लाल मखमली कोट, आत जाड अस्तर, खांद्यावर सोनेरी झालर. आरशात पाहिलं. आमच्या बँड पार्टीत ड्रमर एकच दिसतो, बाकी सगळे नुसते वाजवणारे.

वाजवणं फर्स्ट क्लास. फक्त शेवटी किरकोळ झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायची म्हणून पार्टी थांबली आणि मी थांबलो नाही. दोन-चार ठोके जास्त पडले असतील. मौलाभाई म्हणतात, दोन-चार न्हाई, पहिलं मंगलाष्टक अख्खं तुमच्या ड्रमवर झालं. भटजींनी अक्षता नवऱ्यामुलाला सोडून मला फेकून मारल्या म्हणे. मला वाटलं, मानाच्या आहेत. मी मान लववली.

मौलाभाई आमचे बँडमास्तर. क्लॅरिनेट तेच वाजवतात. साठी आली, फुप्फुसात दम नाही. क्लॅरिनेट ऐकूच येत नाही. आठ वर्षं सांगतोय, जोरात फुंका. आज सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, हैबतराव, यंदा तुमी खुळखुळा घ्या.

खुळखुळा! पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं हॅमर सेक्शनला काढलेला माणूस मी! त्या हातात खुळखुळा?

२९ एप्रिलला लवळ्याचं मोठं लग्न आहे. त्या दिवशी जमलं तर ड्रम, नाहीतर कायमचा खुळखुळा, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

एक गोष्ट मात्र चांगली. माझ्या मागे नथू झांज वाजवतो. त्याला पाठीवर थापा मारायची घाण सवय. गाणं सुरू होताना एक, संपताना दोन. आठ वर्षं सहन केलं. आज एकही थाप नाही. नव्या कोटाचा मान राखला असेल.

१२ मार्च, सोमवार
विचार केला. प्रॉब्लेम कानाचा नाही. कान ए-वन. क्लॅरिनेट कानापर्यंत पोचत नाही, हा प्रॉब्लेम. गळ्यात ड्रम असल्यावर दुसरं काय ऐकू येणार? परदेशात ड्रमर लोक काहीतरी वापरत असणारच.

निर्णय: कानात घालायचा इअरफोन घेणे. घाई करायची नाही, ट्रायल घेऊन निवडायचा. स्टेजलाही चालला पाहिजे आणि घरी पर्सनल वापरालाही. घरी गरज मला नाही, सारजाला आहे. म्हणते, तुमचा रेडिओ पार नांद्याला ऐकू जातुया. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बाईला संगीताची आवड लागली नाही.

१८ मार्च, रविवार
ट्रायल नंबर एक. ट्रान्झिस्टरबरोबर आलेला छोटा इअरफोन. प्रॅक्टिसला कानात घातला, ट्रान्झिस्टर कोटाच्या खिशात. त्यातून क्लॅरिनेट येत नाही, हे मलाही कळतं. पण आधी फिटिंग बघायला पाहिजे. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता. उसाच्या खोडकिडीची माहिती एकदम स्पष्ट ऐकू आली. म्हणजे कान शाबूत. सिद्ध झालं.

नथू दहा फुटांवर होता. म्हणाला, कीड कोणत्या महिन्यात पडते ते मलाबी कळलं. फिटिंग जरा लूज असणार.

मौलाभाईंनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, टेस्टिंग. त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या पार्टीत सायन्सची कदर नाही.

२५ मार्च, रविवार
ट्रायल नंबर दोन. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून जुना स्टेथोस्कोप आणला. त्याला सायकलची रबरी नळी जोडून लांब केला. नळ्या माझ्या कानात, दुसरं टोक क्लॅरिनेटच्या तोंडाला सुतळीनं बांधलं. मौलाभाई तयार नव्हते. मी म्हणालो, खुळखुळा घ्यायला मी तरी कुठं तयार आहे?

उभ्यानं झकास. कानात भाईंचा श्वास, खोकला सगळं आलं. मग चालत वाजवायचं ठरलं. देवळाच्या कोपऱ्यावर मौलाभाई उजवीकडे वळले. मी डावीकडे वळलो, कारण वरात नेहमी डावीकडूनच जाते. माझे दोन्ही कान आणि त्यांचे पुढचे दोन दात एकदमच ओढले गेले.

दात हलतायत. पडलेले नाहीत. तरी भाई आठवडाभर बोलणार नाहीत म्हणे. आधी तरी कुठं ऐकू येईल असं बोलत होते.

१ एप्रिल, रविवार
आज पार्टी मुठ्याला गेली. मला घरी ठेवलं. ड्रमच नेला नाही. म्हणजे माझ्याशिवाय दुसरा कोणी वाजवू शकत नाही, हे त्यांनी कबूल केलं.

सारजा म्हणते, डॉक्टरला कान दाखवा. विषय काय, बोलते काय! मी चिडलो. जेवलो नाही. मग जेवलो.

१० एप्रिल, मंगळवार
पुण्याला गेलो. बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानात शिरलो. दुकानदार पहिल्यापासून माझ्यावर ओरडतच होता. पुण्याची माणसं. त्यानं हेडफोन दाखवले, दोन वाट्या आणि वर पट्टा. घातले. वर बँडची टोपी बसेना. टोपीशिवाय ड्रमर म्हणजे हमाल. रिजेक्ट.

तो म्हणाला, तुम्हाला पाहिजे ते शेजारी मिळेल. शेजारच्या दुकानात बरोबर माझ्या मनातला माल! काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, ती खिशात. तिच्यातून वायर, वायरीला कानात बसणारी गोळी. डबीवर आवाज कमी-जास्त करायचं चाक. बाहेरचा आवाज डबी पकडते आणि कानात पाठवते. हेच तर मी महिनाभर सांगत होतो!

दुकानदारानं विचारलं, पेशंटचं वय काय. मी म्हणालो, पेशंट नाही, ड्रमर आहे. तो म्हणाला, बरं, ड्रमरला कधीपासून ऐकू येत नाही. मी म्हणालो, ड्रमरला सगळं ऐकू येतं, क्लॅरिनेटवाला हळू वाजवतो. पावतीवर त्यानं कानाचं मशीन असं लिहिलं. मी खोडून संगीत साहित्य लिहायला लावलं.

संध्याकाळी घरी ट्रायल. सारजा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज आला. बांगड्यांचाही आला. तिच्या बांगड्या वाजतात, हे विसरलो होतो. ती काहीतरी ओरडून बोलली, कान फुटायची वेळ. मी म्हणालो, अगं हळू बोल की. ती बघतच राहिली. म्हणाली, हळू बोल म्हणून किती वर्सांनी सांगितलंत. मग पदर डोळ्याला लावून बाहेर गेली. चुलीचा धूर फार होतो. चिमणी बसवायला पाहिजे.

२९ एप्रिल, रविवार. सकाळी ७.
आज लवळे. मशीन कोटाच्या आतल्या खिशात, वायर कॉलरखालून, टोपी कानावर ओढून. कोणाला पत्ता नाही. नथूला बजावलं, आज पाठीला हात लावशील तर झांज हिसकावून घेईन. तो मौलाभाईंकडे बघायला लागला. बघू दे. आज दाखवतोच एकेकाला.

त्याच दिवशी, दुपारी ४.
पहिलाच ठोका मारला आणि मशीनमधून असा दणका आला की डोळ्यांपुढे काजवे. चाक फिरवून आवाज कमी केला. मग क्लॅरिनेट ऐकू आलं. अगदी स्वच्छ. भाई चांगले वाजवतात. अजूनही चांगले वाजवतात.

त्याबरोबर माझा ड्रमही ऐकू आला. गाणं एका वाटेनं, ड्रम दुसऱ्या वाटेनं. मी सुरू करायचो, पार्टी धावत मागून यायची. मशीन उशिरा पोचवतं का काय, म्हणून डबी दोनदा ठोकली. मशीन बरोबर होतं.

मधे चहाला थांबलो. नथू आणि मौलाभाई माझ्या मागेच उभे होते. मला ऐकू येतंय, हे त्यांना माहीत नव्हतं. नथू म्हणत होता, मास्तर, मी कासारसाईलाबी थापा मारल्या, पर ह्यो नवा कोट लई जाड हाय, त्यांना कळतच न्हाई. आज तर हातच लावू नको म्हंत्यात. मौलाभाई म्हणाले, शिव्या देऊ दे, तू मार. आठ वर्सं त्या थापंवर वाजवतोय तो. आन् खुळखुळ्याचं मी रागात बोललो रं. त्याच्या गळ्यातनं ड्रम काढला तर माणूस घरी बसल, आन् घरी बसला तर संपल.

चहा गार झाला.

टोपी सारखी करायच्या निमित्तानं गोळी कानातून काढली. सगळं शांत झालं. ड्रम गळ्यात अडकवला आणि उभा राहिलो. पाठीत दणकून एक थाप बसली. मी सुरू केलं. दोन बसल्या. मी थांबलो. मंगलाष्टकं वेळेवर झाली. अक्षता नवरानवरीवर पडल्या.

नथूची झांज हिसकावली नाही.

३० एप्रिल, सोमवार
ट्रायलचा निकाल. मशीन स्टेजला अनफिट. ड्रमच्या आवाजात टिकत नाही, टोपीत अडकतं, शिवाय नको ते पकडतं. घरी पर्सनल वापराला ठीक. सारजा बोलताना घालतो. ती आता हळू बोलते. विषय डॉक्टरचाच असतो. गुरुवारी जाऊन येईन, तिच्या समाधानासाठी.

संध्याकाळी नथूकडे गेलो. सांगितलं, तुझ्या थापेचा मला काही उपयोग नाही. पण मारायचीच सवय असेल तर जरा खाली, कमरेजवळ मारत जा. तिथं कोटाला अस्तर नाही.