तूप कोणाच्या नावानं

तांडा, पुसेगावजवळ (ता. सेनगाव)
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ओमभिया,

घरी सगळे बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. सोयाबीन पावसानं काळं पडलं. साप्ताहिकातलं माझं टवाळीचं सदर अजून चालू आहे. ज्यांच्यावर लिहिते तेवढेच अंक विकत घेतात.

कागदावर लिहितेय, कारण तांड्याच्या मते तुझं गुप्तचर खातं सगळे फोन ऐकतं. परवा तांड्याचे नायक धर्मसिंगकाका पारावर सांगत होते, "ओमच्या हापिसातल्या मशीनला बंद फोन बी दिसते. माणूस कुठं बी दडू द्या, बराबर काढते."

"तुमाला कोणी सांगितलं, काका?"

"कोणीच न्हाई. म्हणून तर खरं हाय!"

हसले मी. खातं काही बोलत नाही, आणि ते जेवढं गप्प तेवढं लोकांचं मशीन हुशार होत जातं. यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी कागदोपत्री झालेला आपल्या तांड्याचा रस्ता एव्हाना सापडला असता.

याडी मात्र हसत नाही. आईच ती. गेल्या दिवाळीत, पाडव्याला चुलीत लापशी-तूप घालून घरातल्या वारलेल्यांची नावं घेत होतो, तेव्हा काकांनी हळूच आपल्या धाकट्या दीपकचं नाव सुचवलं. भांडून घर सोडलं तेव्हापासून त्याचा फोन बंदच आहे ना. याडीनं तुपाची वाटीच ओढून घेतली. "काहून? माझा ओम हाय की तिथं. मशीनला दिसून राहिलं असंल माझं लेकरू."

खरंखोटं करायला माझ्याकडे पुरावा एकच, तो म्हणजे तू. मशीनला तसलं काही जमत नसतं, तर याडीनं 'धाकट्याला शोध' म्हटल्यावर तू हसला असतास, नायकाला चार शिव्या घातल्या असत्यास. तू गप्प झालास. त्यानंतर दोन दिवाळ्या घरी आला नाहीस.

हे मी कोणाजवळ बोलले नाही.

मशीन काय करतं ते मला लिहू नकोस, नोकरी जाईल. फक्त पाडव्याला ये. थोरला तू, चुलीपाशी नावं घ्यायची तूच. दीपकचं घेतलंस, तर आम्हाला कळेल. नाही घेतलंस, तर याडी त्याचं ताट वाढत राहील आणि मी तिला हसणार नाही. खात्याचं गुपित काही फुटत नाही यात.

तुपाची वाटी मी धरते. याडीला तू धर.

तुझी
शिला